भावोजींचा खेळ नक्कल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नवरा-बायकोंच्या टीव्हीवरच्या खेळांचा इतिहास छापलात. आवडीने वाचला, कात्रणही काढून ठेवलं. पण शेवटी ‘होम मिनिस्टर’ची एका वाक्यात बोळवण केलीत, तीही ‘अमेरिकन खेळाची मराठी नक्कल’ म्हणून. शिवाय साल छापलंय २००५. कार्यक्रम सुरू झाला १३ सप्टेंबर २००४ ला. तेव्हा वाहिनी अल्फा मराठी होती, झी मराठी हे नाव पुढच्या वर्षी आलं. सालाचं एक वेळ चालेल, ‘नक्कल’ मात्र खटकलं.

अमेरिकेतला ‘न्यूलीवेड गेम’ ११ जुलै १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर आला आणि तिथे १९७४ पर्यंत टिकला. निर्माता चक बॅरिस, हे तुम्ही लिहिलंत. मूळ कल्पना निक निकोल्सन आणि रॉजर म्युर या दोघांची, ते राहून गेलं. सूत्रसंचालक बॉब युबँक्स तेव्हा अवघा २८ वर्षांचा. खेळ साधा होता. नवी लग्नं झालेली चार जोडपी. आधी बायकांना आत न्यायचं आणि नवऱ्यांना विचारायचं, या प्रश्नाला तुमची बायको काय म्हणेल? मग बायका बाहेर येणार. उत्तर जुळलं की ५ गुण. पुढच्या फेरीत नवरे आत, गुण १०, आणि शेवटचा प्रश्न २५ गुणांचा. उत्तरं पुठ्ठ्यावर लिहिलेली असत. जोडीदार बोलून मोकळा झाला की पुठ्ठा वर, आणि दोघांची तोंडं बघण्यासारखी! जुळलेल्या उत्तरात कोणाला रस नव्हता, घराघरांत तो बघितला गेला तो न जुळलेल्या उत्तरांसाठी. प्रश्न चावट असायचे, पण टीव्हीच्या मर्यादेत. रात्रीच्या त्या गोष्टीला युबँक्स ‘मेकिंग व्हूपी’ म्हणायचा आणि सगळं भागवून न्यायचा.

आता आपल्याकडे बघा. ‘होम मिनिस्टर’चे सूत्रसंचालक आदेश बांदेकर कोणाला स्टुडिओत बोलावत नव्हते, घरी जात होते. कोपऱ्यात गॅस सिलिंडर, भिंतीवर कालनिर्णय, दारात चपलांचा ढीग, शेजारच्या बायका खिडकीतून डोकावतायत. परका माणूस कॅमेरा घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत येणार आणि घरच्या सुनेला नाचायला-पळायला लावणार, हे आपल्याकडे कसं खपलं असतं? खपलं ते एका शब्दामुळे. ती ‘वहिनी’ झाली आणि ते ‘भावोजी’ झाले. दिराने वहिनीची थट्टा करायची, हे आपल्या घरात आधीपासून मंजूर आहे. सासूबाईसुद्धा पदराआड हसतात. अमेरिकेत हे काम टेबल आणि पुठ्ठ्याने केलं, इथे नात्याने केलं. आणि ‘होम मिनिस्टर’ हे नाव तरी कुठून आणलं? ‘आमच्या होम मिनिस्टरना विचारून सांगतो’ हे वाक्य मी नोकरीत असताना डब्याच्या सुट्टीत रोज ऐकत होतो, कार्यक्रम यायच्या कितीतरी आधी.

दुसरं म्हणजे तिकडे केंद्रस्थानी जोडपं, इथे बाई. खेळायच्या त्या दोन वहिनी, नवरे कडेला टाळ्या वाजवायला. लग्न कसं जमलं, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटलं, हे विचारायचं ते तिला. मग उखाणा. आमच्या आईने आयुष्यात वडिलांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी ‘अहो’ आणि ‘हे’. लग्नातली सुपारी सोडवणं, हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधणं, मग घास भरवताना नाव घ्यायचा आग्रह, हे नवरा-बायकोचे खेळ आपल्याकडे टीव्हीची वाट बघत थांबले नव्हते. टाळेबंदीत भावोजींना कोणाचं दार वाजवता येईना, तेव्हा हाच खेळ मोबाइलच्या व्हिडिओवरून चालला, त्याचं कारणही तेच असावं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या भागातल्या एका मंडळाने गणपतीत ‘खेळ पैठणीचा’ ठेवला होता, भावोजींच्या खेळासारखाच, जिंकणारीला पैठणी. हल्ली गल्लोगल्ली होतो, महापालिकेची निवडणूक जवळ आली की जरा जास्तच. आमच्या सौ. शेवटच्या फेरीत गेल्या. निवेदकाने मला मंचावर ओढलं आणि विचारलं, ‘वहिनींची आवडती भाजी कोणती?’ लग्नाला ३४ वर्षं झालेली. मी छातीठोकपणे सांगितलं, ‘भरीत!’ तिच्या पुठ्ठ्यावर निघालं गिलकं. भरीत मला आवडतं. मांडवभर हशा. नंतर तिने जागच्या जागी उखाणा रचला: ‘येवल्याच्या पैठणीला पदरावर मोर, ...रावांना भाजी कळेना, गप्पा मात्र थोर.’ पैठणी तिलाच मिळाली, माझ्या गुणांवाचून.

घरी येऊन तिने पदर उलटून पाहिला. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो; मोर, पोपट, वेल, काहीही उलटं करा. या मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांची नुसती झिपरी. यंत्रमागाची होती. फुकट मिळालेल्या साडीचे धागे काय मोजायचे, असं मी म्हणालो आणि रात्रीपर्यंत त्याची किंमत मोजली. तिचं म्हणणं, मंचावरून ‘येवल्याची अस्सल’ असं तीन वेळा कशाला सांगायचं? येवला आपल्याच जिल्ह्यात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. निदान नाशिकच्या मांडवात तरी बाईला फसवू नये. परवडत नसेल तर ‘सेमी’ म्हणून द्या, तीही आनंदाने नेसते.

२०२२ मध्ये ‘होम मिनिस्टर’च्याच ‘महामिनिस्टर’ या पर्वाच्या वेळी ११ लाखांच्या पैठणीवरून बरीच टीका झाली, तीही तुमच्या लेखात नाही. मलाही तो आकडा बोचला होता. या खेळाची मजा साडीच्या किमतीत कधीच नव्हती, हातातलं काम टाकून बाई अर्धा तास सगळ्यांसमोर हसते यात होती. पण पैठणीमुळे येवल्याच्या मागावर काय फरक पडला, याचा शोध या इतिहासात हवाच होता. आपला वार्ताहर सकाळच्या एसटीने गेला तर विणकरांशी बोलून संध्याकाळी परत येईल. साल तेवढं दुरुस्त करून छापावं, ही विनंती.

कळावे,
एक जुना वाचक, जेल रोड, नाशिक रोड

ता. क. पत्र सौ.ला वाचून दाखवलं. म्हणते, पुठ्ठ्यावर गिलकं नव्हतं, दोडका होता.