पुलावरून पडलेले पाव

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय अरुण,

परवा तुझा फोन ठेवला आणि झोपच उडाली. सात वर्षं तारखांवर तारखा झाल्या, शेवटी तुझा साक्षीदार फितूर झाला, आणि तू म्हणालास, "सदा, आता काळा कोट खुंटीलाच बरा." मला काही बोलता आलं नाही. मी शाळामास्तर, मला कोर्टातलं काय कळणार? पण गेले आठ दिवस एका माणसाचं आयुष्य वाचतोय. ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थॉमस ब्यूर्गेनथाल. जन्म १९३४, चेकोस्लोव्हाकियातला. घर ज्यू, आई जर्मनीची, वडील पोलंडचे. नाझींपासून पळत पोलंडला गेले आणि तिथेच युद्धाने गाठलं. किएल्त्से शहरात ज्यूंना एका वस्तीत कोंडलं होतं, त्यात हे तिघं. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथली सुमारे २० हजार माणसं रेल्वेत भरून त्रेब्लिंकाला मारायला नेली. कामाला उपयोगी म्हणून थोडी मागे ठेवली, त्यात हे वाचले. पुढे एक दिवस उरलेली पोरं आईबापांपासून वेगळी काढायला लागले. तेव्हा हा एवढासा पोरगा जर्मन अधिकाऱ्यापुढे जाऊन म्हणाला, "साहेब, मी काम करू शकतो." अधिकारी म्हणाला, "बघूच लवकर." आणि त्याला मागे धाडलं. बाकीची पोरं मारली.

दहाव्या वर्षी ऑशविट्झची मृत्यूछावणी. तिथे आधी आईपासून ताटातूट झाली, मग वडिलांपासून. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौज जवळ आली, तसं कैद्यांना बर्फातून तीन दिवस चालवलं आणि उघड्या वाघिणींत घातलं. माणसं थंडीने आणि भुकेने मरत होती. गाडी चेकोस्लोव्हाकियातून जाताना पुलांवर उभे असलेले लोक वरून वाघिणींत पाव टाकायला लागले. इथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ अंगणात बसलो. कोणाच्या हातात पडेल ते त्यांना दिसत नव्हतं रे. गाडी पुढे निघून जात होती. तरी टाकत होते. त्या पावांनी हा पोरगा जगला.

थंडीने पाय सडला होता. साक्सनहाउझेनच्या छावणीत दोन बोटं कापली. तिथे ऑड नान्सेन नावाचा नॉर्वेचा कैदी त्याला भेटायला यायचा, खायला आणायचा. सुटका झाली तेव्हा वय अकराही पूर्ण नव्हतं. मग पोलंडमधला अनाथाश्रम.

आई जिवंत होती. युद्धाआधी एका ज्योतिषीणबाईने तिला सांगितलं होतं, तुझा मुलगा नशीबवान आहे. तेवढा एक शब्द धरून ती शोधत राहिली. डिसेंबर १९४६ मध्ये ग्योटिंगेनच्या स्टेशनात मायलेकरं भेटली. वडील बुखेनवाल्डच्या छावणीत वारले होते.

आणखी एक गोष्ट ब्यूर्गेनथाल यांनी लपवलेली नाही, म्हणून मला त्यांचा जास्त विश्वास वाटतो. ग्योटिंगेनमध्ये रविवारी जर्मन कुटुंबं मुलाबाळांसह फिरायला निघत. हा गच्चीतून बघायचा आणि त्याला वाटायचं, इथे मशीनगन हवी होती. तो राग जायला वेळ लागला.

१९५१ मध्ये अमेरिकेला गेला आणि कायदा शिकला. १९७९ मध्ये अमेरिका खंडातल्या मानवाधिकार न्यायालयावर न्यायाधीश झाले. आता तुझ्या कामाचं ऐक. होंडुरासमध्ये १९८१ साली मान्फ्रेदो वेलास्केस हा विद्यार्थी दिवसाढवळ्या उचलला गेला आणि परत आला नाही. प्रेत नाही, कागद नाही, सरकार कानावर हात ठेवून. सुनावणी चालू असताना साक्षीदारांचे खून झाले. फितूर नव्हे अरुण, खून. तरी १९८८ मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला: माणसं गायब करण्याची रीतच होती हे सिद्ध झालं, आणि हा माणूस त्याच रीतीने गेला हे परिस्थितीजन्य पुराव्यावरून दिसलं, तर तेवढं पुरे. सरकार जबाबदार.

पुढे एल साल्वादोरच्या सत्यशोधन आयोगावर तिघे होते, त्यांतले एक हे. एल मोसोते गावात सैन्याने १९८१ मध्ये कत्तल केली होती. चर्चशेजारच्या एका घरात १४३ सांगाडे निघाले, त्यांतली १३१ बारा वर्षांखालची मुलं. किएल्त्सेच्या त्या पोरांमधून वाचलेल्या माणसाने हा आकडा अहवालात कसा घातला असेल? मला हे अजून झेपलेलं नाही.

नंतर २००० पासून दहा वर्षं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. २०२३ मध्ये गेले. आपण वाचलो ते नशिबाने, असं ते सांगत.

तुझी पुढची तारीख २३ ला आहे ना? मी रजा टाकली आहे. पहाटेच्या एसटीने येतो, मागच्या बाकावर बसेन. तुझ्या खटल्यातल्या त्या पोराची आई रोज येते म्हणालास, तिच्या शेजारी. डबा दोघांना पुरेल एवढा आणतो, वहिनींना सांग.

तुझा,
सदा