आर्टिस्ट व्हिलेजचा नकाशा आपणच काढू या : वर्गणी, जुनी कागदपत्रे आणि हातभारासाठी आवाहन

आर्टिस्ट व्हिलेज, सीबीडी बेलापूर येथील सर्व घरमालक, भाडेकरू आणि मुक्काम हलवूनही गणपतीला न चुकता इथेच येणारे जुने रहिवासी यांस,

स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी एक काम उरकायचे आहे, म्हणून हे पत्रक घाईने काढत आहोत. मूळ बांधणीची, उतरत्या कौलारू छपराची घरे आपल्याकडे आता फारच थोडी राहिली आहेत. त्यातली दोन येत्या दिवाळीनंतर पाडून नव्याने बांधायची आहेत, असे त्यांच्या मालकांनी आपणहून मंडळाला कळवले. त्यांचे आभार, बाकीच्यांचे आम्हाला जेसीबी आल्यावर कळते. ही घरे जाण्याआधी त्यांची मापे घ्यायची, वसाहतीचा मूळ आराखडा आणि आजची स्थिती असे दोन नकाशे करायचे, ते एका मोठ्या फलकावर ओढ्याजवळच्या मैदानात लावायचे आणि घरोघरी द्यायला एक पुस्तिका छापायची, असा ठराव वार्षिक सभेत एकमताने झाला. ठरावाच्या वेळी सगळ्यांचे हात वर होते. तेच हात आता खिशात जावेत, एवढीच विनंती.

पाऊस लागला की कौलांवर निळी ताडपत्री चढते आणि मोजायला काही दिसत नाही. म्हणून घाई.

हे खूळ कुठून आले असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो. थंडी सुरू झाली की आर्किटेक्चरची मुले येतात, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो. गळ्यात कॅमेरा, हातात कुठल्याशा पुस्तकातून काढलेली झेरॉक्स. आपल्या चौकात उभी राहून ती घरे मोजतात आणि आपण खिडकीतून बघतो, की हे कोण, बँकेचे वसुलीवाले तर नव्हेत? गेल्या हिवाळ्यात त्यातल्याच एका मुलीने कार्यकारिणीतल्या एका सदस्याला विचारले, ‘तुमच्या वसाहतीचा साइट प्लॅन बघायला मिळेल का?’ मंडळाकडे वर्गणीची पावतीपुस्तके पहिल्यापासूनची आहेत, कोजागिरीच्या दुधाचा हिशेब आहे. प्लॅन नाही. तिने आपल्याजवळची झेरॉक्स आम्हाला दिली. ती सध्या वाचनालयात लावली आहे आणि तिच्याकडे पाहून मंडळाला दर शनिवारी लाज वाटते.

जुन्यांना पुढचे सगळे पाठ आहे, त्यांनी हा भाग सोडून वर्गणीच्या परिच्छेदाकडे गेले तरी चालेल. खाडीच्या पलीकडे मुंबईचे जुळे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये जाहीरपणे मांडली. हे शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि सुरुवातीची काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. आपली वसाहत त्यानंतरची, १९८३ ते १९८६ या काळातली. मुंबईत पेडर रोडला कोरियांची कांचनजंगा ही उंच इमारत पुरी झाली ती १९८३ मध्येच. म्हणजे एकाच माणसाने त्या काळात एकीकडे आभाळाला टेकणारे फ्लॅट काढले आणि दुसरीकडे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आपली बैठी घरे. १९८४ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले, २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, १६ जून २०१५ रोजी ते गेले. जगात कुठेही त्यांच्या कामाचा विषय निघाला की बेलापूरचे नाव येतेच. आपण मात्र रिक्षावाल्याला ‘ते धबधब्याच्या अलीकडे’ असा पत्ता सांगतो.

पहिली कुटुंबे राहायला आली तेव्हा लोकल नव्हती. मानखुर्दहून वाशीपर्यंत गाडी आली १९९२ मध्ये आणि बेलापूर त्यानंतर. तोवर बसच्या रांगा, आणि पावसात पूल तुंबला की घरी पोचायला रात्र. त्या पिढीतले जे आज आपल्यात आहेत त्यांच्या आठवणी टिपून घेणे हे पुस्तिकेचे पहिले काम आहे.

दुसरे काम सांगतो. त्यावर सभेत थोडी खडाजंगी झाली, पण ठराव झाला आहे. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. आपल्याकडे गवंडी भिंती रचत होते त्याच काळात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देणारी साडेबारा टक्के योजना त्या लढ्यातून आली. आपल्या वसाहतीचा इतिहास सिडकोच्या पायाभरणीपासून सुरू होत नाही. म्हणून बेलापूर गावातल्या आगरी-कोळी मंडळींकडे जाऊन, इथे आधी काय होते हे विचारून लिहिले जाईल. मासळीवाल्या मावशींनी होकार दिला आहे. त्यांना ऐकायला दोन तास मोकळे ठेवून जाणारा माणूस हवा.

आता आराखडा. सात घरे एका चौकाभोवती, चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन चौक मिळून २१ घरे आणि त्यांच्या मधोमध १२ मीटर बाय १२ मीटरचे अंगण. २१ घरांचे असे तीन गट एकमेकांत गुंफून त्याहून मोठे, २० मीटर बाय २० मीटरच्या आसपासचे पटांगण. असे वाढत वाढत थेट ओढ्याकाठच्या मैदानापर्यंत. डोंगराचे पाणी वाहून न्यायला ओढा मध्ये तसाच राखला, पाइपात घातला नाही. साडेपाच हेक्टरांच्या आसपास जागेत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे बसवली आणि तीही लिफ्टशिवाय. भूखंड ४५ चौरस मीटरपासून ७५ चौरस मीटरपर्यंत. म्हणजे सर्वांत मोठा भूखंड सर्वांत लहानाच्या दुपटीएवढाही नाही. शिपाई आणि साहेब एका चौकात राहणार, हे घर बांधायच्या आधी कागदावर ठरले होते.

प्रत्येक घर आपापल्या भूखंडावर सुटे उभे आहे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, कारण पुढेमागे खोली वाढवायची तर कोणाची मिनतवारी नको. शेजाऱ्याच्या अंगावर उघडणारी खिडकी नाही. न्हाणीघर आणि संडास मात्र दोन-दोन घरांचे पाठीला पाठ लावून, म्हणजे नळाचा आणि ड्रेनेजचा खर्च वाचतो. बांधकामही असे, की नाक्यावरच्या गवंड्याला आणि सुताराला जमावे.

तेव्हा ‘मूळ घरे पाडून वाटोळे केले’ असा गळा काढणाऱ्यांशी मंडळ सहमत नाही. घर वाढावे म्हणूनच ते तसे बांधले होते. मुलाचे लग्न झाले, वर खोली चढली, यात कोरियांचा अपमान कसला? (तीन मजले आणि वर पत्र्याची शेड, ही वेगळी गोष्ट.) आमचे दुखणे चौकाचे आहे. घर तुमचे, चौक सातांचा. एकाने जिना चौकात उतरवला, दुसऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवले, तिसऱ्याची गाडी कव्हर घालून वर्षभर तिथेच. चौक उरतो पाच मीटरांचा, आणि मुले बॅट घेऊन मोठ्या रस्त्यावर जातात. नकाशा सगळ्यांसमोर लागला की कोणी कोणाला काही बोलायला नको, ज्याचे त्याला दिसेल. हा परिच्छेद गाळावा असे एका सदस्याने सुचवले होते. गाळलेला नाही.

हे मंडळ फक्त वर्गणी मागते, असेही ऐकू येते. ओढ्याच्या वळणावरची दगडी कड कोणी बांधली? आपले पहिले अध्यक्ष, मास्तर, नुकतेच निवृत्त झाले होते. ग्रॅच्युइटीतून त्यांनी सिमेंटच्या गोण्या आणल्या, स्वतः घमेले उचलले, आणि पुढे कधी त्या पैशांचा उल्लेख कोणी केला की विषय बदलायचे. ओढा खालच्या घरांत शिरला त्या रात्री त्याच कडेमुळे निम्मे पाणी वळले आणि उरलेल्या निम्म्यासाठी वरच्या चौकांनी दारे उघडली. अंथरुणे, भात, पिठले, सगळे आपोआप आले. वाचनालयाला सुरुवातीपासून जागा दिली ती माईंनी, आपल्या पडवीत. भाडे घेतले नाही. अट एकच, दिवाळी अंक आधी त्या वाचणार आणि मग तुम्ही. माईंमागे सूनबाईंनी पडवी तशीच ठेवली आहे, अटीसकट. दर श्रावणात मुलांना शाडूचा गणपती शिकवणारे आपले शिल्पकार काका मानधनाचे नाव काढले की रागावतात. वाचनालयाचे दिवे, पंखा आणि वायरिंग विजेच्या दुकानवाल्या भाऊंकडून. बिल मागितले तर म्हणाले, ‘माझी दोन्ही पोरं इथे अभ्यास करून पास झाली, बिल कसलं?’ ही माणसे होती आणि आहेत म्हणून मंडळ आहे.

आणि तरीही सांगावे लागते. गणपतीची वर्गणी दाराशी पोचायच्या आत हातावर पडते, आनंदच आहे. पण गेल्या वर्षी वाचनालयाच्या कपाटासाठी हाक दिली तेव्हा ‘नंतर या’ ऐकून कार्यकर्त्यांच्या चपला झिजल्या. ओढा सफाईच्या निरोपाला व्हॉट्सॲपवर अंगठ्यांचा पाऊस पडला आणि रविवारी सकाळी फावडे घेऊन आले ते कार्यकारिणीतलेच चेहरे. वाईट वाटले. वाटले ते लिहिले, मनात ठेवलेले नाही.

पैशापेक्षाही निकडीची गरज आहे कागदांची. मूळ लेआउटची प्रत मिळावी म्हणून एका कार्यालयात अर्ज केला होता. फाइल शोधात आहे असे उत्तर आले. शोधू देत. पण परवा वरच्या चौकातल्या काकूंनी माळ्यावरून पत्र्याचा एक नळा काढून दिला. आत त्यांच्या घराचा निळा प्रिंट, घड्यांवर विरलेला, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी पेन्सिलीने मांडलेला हिशेब: वासे, कौले, रेती, गवंडी, आणि सर्वांत खाली ‘वरची खोली पुढल्या वर्षी’. त्याच्या शेजारी, बऱ्याच नंतरच्या बॉलपेनने, ‘झाली’. घर कसे वाढत गेले हे सांगायला याहून चांगला कागद आम्हाला तरी दुसरा नको. असे नळे आणखी पाच-पंचवीस माळ्यांवर नक्की असतील. अलॉटमेंट लेटर, भाडेपट्ट्याचा करार आणि त्याला जोडलेला नकाशा, वाढीव बांधकामाची रेखाचित्रे, सगळे हवे. फोटोही हवेत: बारसे, मुंज, चौकात मांडव घातलेले लग्न. नवरदेव कसा दिसतो याच्याशी कर्तव्य नाही, मागची भिंत दिसली पाहिजे. कागदाचा फोटो तुमच्यासमोर काढून मूळ प्रत लगेच हातात दिली जाईल.

वर्गणी : घरटी किमान रु. ५००. साडेपाचशे घरांचे पावणेतीन लाख होतात आणि मोजणीचे साहित्य, नकाशे, फलक, त्याचा लोखंडी सांगाडा व छपाई त्यात बसते. पण सगळी घरे देत नाहीत हा अनुभव, म्हणून जमेल त्यांनी रु. २,००० वा अधिक द्यावेत (नावे पुस्तिकेत येतील, नको असल्यास तसे कळवावे). भाडेकरूंनी ऐच्छिक. चेक मंडळाच्या नावे, रेखांकित; यूपीआयचा क्यूआर वाचनालयाच्या दारावर, पैसे भरल्यावर घर क्रमांक कळवावा; रोख फक्त खजिनदारांकडे आणि पावती घेऊनच. प्राप्तिकरात सवलत मिळणार नाही, त्यासाठी फोन करू नयेत. शेवटची तारीख ३१ मे. कागदपत्रे व फोटो : शनि.-रवि. सायं. ६ ते ८, वाचनालय. मोजणी : मे महिन्यातले सर्व रविवार, सकाळी ७ वाजता ओढ्याच्या पुलाशी, टोपी, पाणी, वही आपापली, चहा-पोहे मंडळाचे. ऑटोकॅड येणाऱ्या मुलामुलींनी आधी नावे द्यावीत. मूळ घरे असलेल्यांनी मोजणाऱ्यांना आत येऊ द्यावे. ही मोजणी कोणाच्या वाढीव बांधकामाची तक्रार करण्यासाठी नाही, मापांचा कागद कुठल्याही कार्यालयात जाणार नाही, याची हमी कार्यकारिणीने लेखी दिली आहे.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : मंडळाचा ५० मीटरचा टेप कोणीतरी गच्चीच्या मापासाठी नेला आहे. कोणी, ते आम्हाला माहीत आहे. पहिल्या रविवारच्या आत वाचनालयात आणून द्यावा.