रुमालाचे 'करवस्त्र' कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'रुमाल हा परका शब्द टाकून करवस्त्र म्हणावे' असे सुचवणारे पत्र गेल्या रविवारी वाचले. हेतू चांगला असेल, पण करवस्त्राला नाक पुसायचा माझा तरी धीर होणार नाही. आणि एसटीच्या खिडकीतून जागा धरायला काय टाकायचे?

शब्द फारसी आहे, कबूल. 'रू' म्हणजे चेहरा (रूबरूमधला तोच), आणि 'माल' म्हणजे पुसणारा, चोळणारा. मालिश त्याच्याच घरचे. मौज अशी की खुद्द इराणात खिशातल्या रुमालाला 'दस्तमाल' म्हणतात, म्हणजे हातपुसणे. आपण 'हातरुमाल' म्हणून हात नि तोंड एकाच फडक्यात बांधले. तेलुगूतही 'चेतिरुमालु', म्हणजे हातरुमालच. इंग्रजांचीही हीच गत. 'कर्चिफ' हे मुळात फ्रेंचांचे डोके झाकायचे कापड; त्याला 'हँड' जोडून त्यांनी ते खिशात घातले.

कन्नडमध्ये मात्र 'रुमालु' म्हणजे डोक्याला बांधायचा पटका. आमचे गाव जतकडचे, सीमेवरचे. आजोबा बाजाराला निघताना 'माझा रुमाल कुठाय?' म्हणायचे, तेव्हा आजी खुंटीवरचा पटका काढून द्यायची.

पोर्तुगिजांचा 'लेन्सो' तर आणखी लांब गेला. गोव्यात कोकणीत 'लेंस', सिंहलीत 'लेन्सुव' हे रुमालच राहिले. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीतला 'लेसो' म्हणजे बायकांनी अंगाला गुंडाळायचे अख्खे वस्त्र.

आपल्याकडे रुमालाला जे काम मिळाले ते मात्र मला दुसरीकडे कुठे आढळले नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. अभ्यासक आपल्या लेखांत रुमाल क्रमांक देतात. निवृत्तीनंतर गावच्या इनामाचे कागद शोधायला मी तिथे गेलो होतो. जाडेभरडे चौकोनी कापड, चार टोकांची गाठ, ती सोडताच नाकात गेलेली धूळ आणि आत मोडीतले कागद. पहिल्या रुमालात आमच्या गावाचे नावही निघाले नाही. मी शिंकत बसलेला पाहून तिथला कर्मचारी म्हणाला, "काका, दुसरा रुमाल काढू का?" मी आधी खिसाच चाचपला.

आपला,
एक जुना वाचक, सांगली