‘का?’ या रकान्यासाठी आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच अनोळखी मोठ्या शहरात रेल्वेने निघणाऱ्याच्या हातात तुम्ही जो दोन पानी आराखडा ठेवता, त्याबद्दल विक्री आणि दुरुस्ती या दोन्ही विभागांकडून हे पत्र. खुलं ठेवलंय, कारण त्यातलं बरंचसं कामानिमित्त फिरणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

तिकीट काढून देणारे पुष्कळ असतात. तुमच्या आराखड्यात वेळ, ठिकाण आणि काय करायचं या तीन रकान्यांपुढे चौथा रकाना असतो: ‘का?’. आमचं ऋण मुख्यतः त्याचं आहे. गाडी लेट झाली, फलाट बदलला, बैठक अलीकडे आली की लिहून दिलेली सूचना निकामी होते. तिच्यामागचं कारण ठाऊक असलं तर माणूस तिथल्या तिथे नवा निर्णय घेऊ शकतो.

पहिलं उदाहरण वेळेच्या हिशेबाचं. बहुतेक जण गाडी सुटण्याच्या वेळेपासून पुढे मोजत जातात. तुम्ही बैठकीच्या खुर्चीपासून मागे येता. बैठक 11:00 ला. प्रवेशद्वारावर ओळखपत्र, नोंदवही, तात्पुरता पास आणि लिफ्ट यांना 25 मिनिटं, म्हणजे दारात 10:35 ला हवं. नकाशा 25 मिनिटांचं अंतर दाखवतो, पण कचेऱ्यांच्या वेळेला 40 धरायची, म्हणजे स्थानकाबाहेर 9:55. फलाटावरून रस्त्यापर्यंत 15 मिनिटं: वीस डब्यांची गाडी, एक डबा साधारण 24 मीटरचा, म्हणजे गाडीच जवळपास अर्धा किलोमीटर लांब, आणि शेवटच्या डब्यातला माणूस ते अंतर सामानासकट, गर्दीतून चालतो. झाले 9:40. तोंड धुऊन कपडे बदलायला अर्धा तास, 9:10. उशिरासाठी एक तास, 8:10. म्हणून वेळापत्रकात 8:10 ला किंवा त्याआधी पोहोचणारी गाडीच निवडायची. 9:30 ला पोहोचणारी गाडी कागदावर कितीही सोयीची दिसली तरी तिचा विचार करायचा नाही.

उशिराच्या तासापुढचं तुमचं ‘का?’ तर आम्हाला आता पाठ आहे. सकाळी मोठ्या टर्मिनसवर फलाट रिकामा नसतो, उपनगरी गाड्यांची वर्दळ असते, आणि रात्रभर वेळेवर धावलेली गाडी शहराच्या तोंडाशी सिग्नलला उभी राहते. त्याचीच दुसरी बाजूही तुम्ही लिहिलीत: वेळापत्रकात बहुधा शेवटच्या टप्प्यावर थोडा मोकळा वेळ राखलेला असतो, त्यामुळे मधल्या स्थानकावर वीस मिनिटं उशीर दिसला म्हणून लगेच यजमानांना फोन करून घाबरवू नये. शेवटच्या मोठ्या थांब्यावरचा उशीर पाहावा आणि मग कळवावं. कळवताना ‘थोडा उशीर होईल’ असं मोघम बोलू नये, 11:20 असा आकडा द्यावा.

गाडी बदलायची असेल तर मध्ये किती वेळ ठेवावा, याला ठरावीक उत्तर नाही हेही तुमच्यामुळेच कळलं. पुढची गाडी चुकली तर त्यानंतरची किती वेळाने आहे, ते पाहायचं. दर वीस मिनिटांनी गाडी असेल तर दहा मिनिटांची फट चालते, चुकली तर वीस मिनिटं जातात. त्यानंतरची गाडी दुसऱ्या दिवशी असेल तर दीड तासही कमी पडू शकतो. शिवाय पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट असेल तर जोडगाडी चुकल्यावर रेल्वेकडून सहसा काहीतरी सोय होते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्याचे पैसे बहुतेक वेळा बुडतात.

तारखेची चूक सगळ्यात महागडी. गाडी 15 तारखेला 00:15 ला सुटते, म्हणजे स्थानकावर 14 च्या रात्री जायचं. तुम्ही अशा तिकिटावर ‘14 च्या रात्री जेवून निघा’ असं हाताने लिहून देता. इतकं साधं वाक्य, पण त्याने घोटाळ्याला जागाच उरत नाही.

स्थानकाच्या नावाबद्दलही तसंच. मोठ्या शहराला एकच मुख्य स्थानक असतं ही समजूत घेऊन निघणारा फसतो. पॅरिसमध्ये उत्तरेकडच्या गाड्या गार द्यु नोरला येतात, आग्नेयेकडच्या गार द लियाँला, पश्चिमेकडच्या मोंपार्नासला. कोलकात्यात हावडा हुगळीच्या एका काठावर आणि सियालदह दुसऱ्या. जर्मनीत तर फ्रँकफर्ट नावाची शहरंच दोन, एक माइन नदीवर, दुसरं पोलंडच्या सीमेलगत ओडर नदीवर, मध्ये शेकडो किलोमीटर. त्यामुळे तिकिटावरचं पूर्ण नाव आणि स्थानकाचा कोड यजमानांनी कळवलेल्या पत्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय तुम्ही पैसे भरत नाही.

स्थानकातून बाहेर कुठल्या दाराने पडायचं, हा रकाना आम्ही इतर कुणाच्याही आराखड्यात पाहिलेला नाही. तोक्योच्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारं आहेत. तिथे चुकीच्या दाराने बाहेर पडलेला माणूस भलत्याच रस्त्यावर उभा राहतो. लहान शहरातून येणाऱ्याला हे लक्षातच येत नाही, कारण त्याच्या स्थानकाला पुढचं आणि मागचं अशी दोनच दारं असतात. तुम्ही यजमानांना आधी फोन करून चार गोष्टी विचारून ठेवता: मेट्रोच्या दाराचा क्रमांक, इमारतीचं कुठलं फाटक पाहुण्यांसाठी उघडं असतं, मजला, आणि स्वागतकक्षाचा थेट नंबर. नकाशावरची खूण बऱ्याचदा इमारतीच्या मधोमध किंवा मागच्या बाजूला असते, टॅक्सी तिथे सोडते आणि पुढचं दार दहा मिनिटांच्या वळशावर निघतं. ज्यांना भेटायचं त्यांचा मोबाइल त्या वेळी बैठकीत बंद असतो, म्हणून स्वागतकक्षाचा नंबर. हॉटेलचा आणि कार्यालयाचा पत्ता तुम्ही स्थानिक लिपीतही छापून देता. चालकाला फोनवर उच्चार करून दाखवण्यापेक्षा कागद पुढे केला की काम होतं.

गाडीतल्या सूचना थोडक्यात आहेत, पण नेमक्या. काही गाड्या वाटेत दुभंगतात, पुढचे डबे एका शहराला आणि मागचे दुसऱ्या. म्हणून चढताना गाडीवरचंच नव्हे, डब्यावरचं ठिकाणही वाचायचं. लॅपटॉप घरूनच पूर्ण चार्ज करून न्यायचा. विजेच्या मार्गावर दोन पुरवठ्यांच्या मध्ये तारेचा एक वीज नसलेला तुकडा असतो, तिथे डब्यातल्या प्लगची वीज काही क्षण जाऊ शकते. फाइल दर थोड्या वेळाने साठवत राहायची. काही नव्या डब्यांच्या काचांवर उन्हासाठी धातूचा पातळ थर असतो, तो मोबाइलचा सिग्नलही अडवतो, तेव्हा महत्त्वाचा फोन गाडीतून करण्याचं ठरवूच नये. आणि ग्राहकाचं नाव किंवा दर डब्यात मोठ्याने उच्चारू नये. त्याच उद्योगातले लोक त्याच गाडीने त्याच शहरात जात असतात.

सामानाबद्दल एकच सांगतो. नमुन्यांची जड पेटी वरच्या फळीवर ठेवू नका, हे सगळेच सांगतात. अवजारं असतील तर त्यांची यादी कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यासह सोबत ठेवा, हे तुम्ही सांगितलंत. सामानाच्या तपासणीत पात्याचं किंवा टोकदार अवजार दिसलं की पेटी उघडावी लागते, आणि यादी असली की ते प्रकरण दोन मिनिटांत आटोपतं.

सादरीकरण तीन ठिकाणी: लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि स्वतःच्याच ईमेलमध्ये. त्यातली एक प्रत पीडीएफ हवीच. दुसऱ्याच्या संगणकावर आपला देवनागरी फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, आणि ग्राहकासमोर स्वतःच्या कंपनीचं नाव तुटलेलं दिसतं. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलीतच बांधलेला असतो. तिकिटाचंही एक चित्र फोनमध्ये साठवून ठेवायचं आणि एक छापील प्रत खिशात, कारण तिकिटाचं अॅप उघडायला नेटवर्क लागू शकतं आणि तपासनीस नेमका नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात येतो.

पावत्यांवरून लेखाविभागाशी होणारे वाद तुमच्यामुळे संपले, याचे आभार लेखाविभागही मानतो. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने आणि उजेडाने पुसट होत जाते, पाकिटात ठेवलेली पावती काही महिन्यांत कोरी दिसू शकते. म्हणून त्याच दिवशी फोटो. आणि बिलावर कंपनीचं नाव, कर क्रमांक हवा असेल तर पैसे देण्याआधी सांगायचं. बिल निघाल्यावर ते बदलायला बहुतेक ठिकाणी खळखळ करतात.

परतीचं तिकीट बैठक संपण्याच्या अपेक्षित वेळेनंतर निदान अडीच तासांनी काढायचं, हा तुमचा आग्रह आधी वेळेची उधळपट्टी वाटायचा. पण बैठक चांगली झाली की ग्राहक कारखाना दाखवायला नेतो, आणि घड्याळाकडे बघत निघालेल्या माणसाला पुढची ऑर्डर मिळणं कठीण. तिकीट बदलता येण्याजोगं घ्यायचं आणि त्या दिवशीची शेवटची गाडी कुठली, तेही लिहून ठेवायचं.

सोबत तुमच्या आराखड्याची प्रत परत पाठवत आहोत. परतीच्या पानावर आम्ही एक ओळ वाढवली आहे: ‘ग्राहकाच्या इमारतीतून निघण्याआधी फोन आणि पॉवर बँक दोन्ही चार्ज करा.’ तुमच्या पद्धतीने ‘का?’ही भरलाय: तिकीट, नकाशा, टॅक्सी आणि फलाटाची माहिती सगळं एकाच फोनवर असतं आणि तो पहाटेपासून वापरात असतो. पटलं तर पुढच्या प्रतीत घ्या, शब्द बदलायचे असतील तर खुशाल बदला.

आपले कृतज्ञ,
विक्री आणि दुरुस्ती विभागातील सर्व सहकारी