विज्ञान कादंबरीची वेटिंग लिस्ट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बरेच दिवस नंबर लावून ठेवलेली मराठी विज्ञान कादंबरी एकदाची लायब्ररीतून हातात पडली. नाव लिहीत नाही, नाहीतर रांग अजून वाढेल. अर्धीच झालीय, पण आवडतीय! मुलगा मंगळावर, आई इकडे, आणि तिथून सिग्नल यायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात (हे खरंच आहे हं, ग्रह जवळ-लांब होतात तसं बदलतं), परत जायला तेवढीच, त्यामुळे आई "जेवलास का रे?" विचारते आणि उत्तर येईपर्यंत तिची भांडी घासून, ओटा पुसून होतो. हे झकास जमलंय. शास्त्रज्ञ मंडळी मात्र सरकारी परिपत्रक वाचल्यासारखी बोलतात, तिथे कंटाळा येतो बुवा.

पण सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये जिथे सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ सुरू केली त्या बडोद्यात अशा पुस्तकाची एकच कॉपी? एवढी मागणी दिसतेय तर अजून दोन घ्यायला काय हरकत आहे, आणि तुम्हीपण रविवारच्या पुरवणीत विज्ञानकथेला थोडी जागा द्या की.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा