ती फुलदाणी नव्हे

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक भांड्याचा फोटो आला होता. खाली ओळ होती, ‘काळ्या रंगाने रंगवलेली फुलदाणी’. मी खानापूरचा, कुंभाराच्या घरातला. निम्मा जन्म आव्याच्या धगीत गेला. ‘रंग’ आणि ‘फुलदाणी’ हे दोन्ही शब्द खटकले.

ते दारू प्यायचे भांडे. आपल्या परळाला, म्हणजे मातीच्या पसरट थाळीला, खाली पाय आणि दोन बाजूंना कान बसवले की होईल तसे. ग्रीक त्याला किलिक्स म्हणत. फोटोतले भांडे इ. स. पूर्व ५४० ते ५३० च्या सुमाराचे, अथेन्सच्या कुंभाराचे. सापडले इटलीत वुल्चीला, आज आहे म्युनिकच्या संग्रहालयात.

नातीने मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. आत गलबत, त्यात द्राक्षमद्याचा देव डायोनिसस रेललेला. चाचे त्याला पळवायला निघाले, तर डोलकाठीवर द्राक्षवेल चढला आणि घाबरून समुद्रात उड्या घेतलेले चाचे डॉल्फिन झाले. मी मोजले : डॉल्फिन सात, घोसही सात. भरल्या भांड्यात हे काही दिसायचे नाही; पीत जावे तसा देव वर येणार. बाहेरून दोन मोठे डोळे. भांडे तोंडाला लावले की समोरच्याला मुखवटाच दिसतो. मी माळकरी, दारू वर्ज्य. पण या कुंभाराला माझा नमस्कार.

आणि तो काळा रंग नव्हे, मातीच आहे. लोहाची माती पाण्यात निवळून वरची साय घ्यायची, तिने चित्र काढायचे. भट्टीत आधी हवा खेळवायची, मग ओले सरपण घालून कोंडायची : सगळे काळे. पुन्हा हवा सोडली की भांडे लाल होते. साय मात्र तोवर काचेसारखी घट्ट झालेली, तिच्यात हवा शिरत नाही, ती काळीच राहते. आमच्याकडेही धूर कोंडून मडकी काळी करायचे, पण ती पुरती काळी. एकदा वडिलांनी घाईत आवा उकरला तर घागरी अर्ध्या लाल, अर्ध्या काळ्या निघाल्या. बाजारात कुणी हात लावेना. आईने वर्षभर त्यातच पाणी भरले.

दुरुस्ती छापाल तेव्हा कुंभाराचे नावही घालावे. शोधायला लांब जायला नको, पायाच्या कडेवर त्यानेच लिहून ठेवले आहे : ‘एक्झेकियसने केले’.

आपला,
एक जुना कुंभार
खानापूर, जि. बेळगाव