सऱ्या वाकड्या दिसत्यात

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

परवा फोन अर्धवट ठेवला, राग मानू नकोस. समोर राधानगरीकडचे 74 वर्षांचे आजोबा बसले होते. हातात चौकटींचा कागद देऊन डावा डोळा झाकायला सांगितला, तर म्हणाले, "सऱ्या वाकड्या दिसत्यात की ओ डॉक्टर. मधनं नांगरच फिरलाय." हे लक्षण इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

उजव्या डोळ्याच्या ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, पडद्याखाली पाणी दिसलं. म्हणजे ओला एएमडी, वयामुळं पडद्याच्या मधल्या भागाला होणारा आजार. डाव्यात जुना व्रण. मुलगा म्हणाला, "दोन्हीकडं इंजेक्शन द्या, सोसायटीचं कर्ज काढतो." डाव्याला मी नको म्हणालो. व्रण धरलेल्या जागी इंजेक्शनानं नजर परत येत नाही. एवढं सांगायला जीभ रेटत नव्हती रे.

उजव्याला बेव्हॅसिझुमॅब ठरवलं. मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याला आपल्याकडं परवाना नाही, हे मुलाला आधीच सांगितलं. पण दोन औषधांची तुलना करणाऱ्या 2011 च्या कॅट चाचणीत वर्षभरानंतरची नजर डोळ्यासाठीच परवाना असलेल्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीची होती, आणि खर्च कितीतरी कमी. मात्र एका बाटलीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकपणात हयगय झाली तर डोळाच जातो, म्हणून डोस कुठून भरून येतात ते मी जातीनं बघतो. आधी महिन्याला एक अशी तीन, मग पडदा कोरडा राहिला तर दोन-दोन आठवड्यांनी अंतर वाढवायचं.

खरी धास्ती गळीत हंगामाची. तीन वर्षांपूर्वी एका आजींना मी नुसतं "पुढच्या महिन्यात या" म्हणालो होतो. घरची सगळी ऊसतोडीत, आणणार कोण? पाच महिन्यांनी आल्या तेव्हा मधली नजर संपली होती. औषध ठरवायला मी अर्धा तास घेतला होता, आणि तुम्हाला घेऊन कोण येणार, हे विचारलंच नव्हतं. ते अजून टोचतं.

या वेळी सुनेला बोलावलं, तारखा एसटीच्या वेळेसकट लिहून दिल्या. आजोबांच्या खिशातला बिडीचा कट्टा टेबलावर ठेवून घेतला. पहिलं इंजेक्शन झालंय.

तू एकाच डोळ्यावर असलेल्या पेशंटचं अंतर कुठवर नेतोस? बारा आठवड्यांपर्यंत सोडायला माझं मन धजत नाही. सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझाच